इंग्रजी क्रियापद नेमकं कुणाचं ऐकतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. आंब्याची निर्यात करणाऱ्या एका ऑफिसात तुम्ही पत्रव्यवहार बघता. शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी पाचवीपासून. परदेशी गिऱ्हाइकांना जाणारे मेल साहेब आधी डोळ्यांखालून घालतात, एखाद्या शब्दावर लाल रंग चढवून परत पाठवतात आणि का चुकलं ते सांगत नाहीत. अशी आठ वाक्यं तुम्ही मला पाठवलीत. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’मध्ये फरक काय, ‘नंबर ऑफ’नंतर ‘इज’ की ‘आर’, ‘हॅज’ आणि ‘हॅव’ इतक्या वर्षांनीही का चुकतं, आणि ‘आय हॅड गॉन’ किंवा ‘सिन्स टेन इयर्स’ यात वावगं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी तीसेक वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतोय. बँकेतले कारकून, नर्स, गोदामांचे सुपरवायझर, सगळे संध्याकाळी काम आटोपून येणारे. तुमची वाक्यं वाचल्यावर एक गोष्ट लगेच दिसली. तुमची मराठी पक्की आहे. जवळजवळ प्रत्येक लाल शब्दामागे मराठीचा एकेक बरोबर नियम उभा आहे. म्हणून नियमांचं कोष्टक पाठ करण्याआधी आपण मराठीकडेच बघू.

पहिलं वाक्य: ‘अवर क्लायंट हॅव थ्री गोडाउन्स.’ तिथे ‘हॅज’ हवं. कर्ता एकवचनी आणि तृतीय पुरुषी असला की ‘हॅज’, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तरीही हात ‘हॅव’ लिहून गेला, कारण मनात वाक्य होतं ‘आमच्या गिऱ्हाइकाची तीन गोदामं आहेत’. या मराठी वाक्यातलं क्रियापद गिऱ्हाइकाकडे ढुंकूनही बघत नाही. ते गोदामांकडे बघतं. गोदामं तीन, म्हणून ‘आहेत’. एकच असतं तर ‘गोदाम आहे’ झालं असतं. ‘माझ्या भावाला तीन मुलं आहेत’ याचीही तीच कथा. म्हणून ‘माय ब्रदर हॅव थ्री चिल्ड्रन’ हे वाक्य मी इतक्या वह्यांत खोडलंय की त्या भावाची मुलं आता कॉलेजात असतील.

भूतकाळात तर ही ओढ आणखी जबर होते. राधाने रुमाल घेतला, राधाने साडी घेतली, राधाने दोन साड्या घेतल्या. राधा तीच, पण क्रियापदाने तीनदा कपडे बदलले. शाळेत याला आपण कर्मणी प्रयोग म्हणायचो, एका मार्कापुरता ओळखायचो आणि विसरून जायचो. तो प्रयोग वहीतून गेला तरी कानातून जात नाही. इंग्रजीत क्रियापदाच्या वचनापुरतं बोलायचं तर कर्तरी प्रयोगाखेरीज दुसरं काहीच नाही. कर्म एक असो, तीन असोत की तीनशे, इंग्रजी क्रियापद तिकडे मान वळवत नाही. पॅसिव्ह व्हॉइसमध्येही मूळचं कर्म आधी कर्त्याच्या खुर्चीत येऊन बसतं आणि मगच क्रियापद त्याचं ऐकतं. तेव्हा ‘हॅज’ की ‘हॅव’ अशी शंका आली की क्रियापदाच्या उजवीकडचं सगळं हाताने झाका आणि फक्त डावीकडे बघा. अपवाद ‘देअर इज’ आणि ‘देअर आर’चा. तिथे खरा कर्ता उजवीकडे असतो. पण ‘खोलीत दोन खुर्च्या आहेत’ हे मराठी वाक्य तिथे बरोबर वाट दाखवतं, त्यामुळे त्यात फारसं कुणी चुकत नाही.

दुसरं वाक्य जास्त मजेदार आहे. ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज आर गुड.’ मराठीत हेच ‘आंब्यांचा दर्जा चांगला आहे’ असं होतं आणि ‘आंब्यांचा दर्जा चांगले आहेत’ असं कुणी चुकूनही म्हणणार नाही. मग इंग्रजीत का चुकतं? शब्दांचा क्रम बघा. मराठीत ‘आंब्यांचा’ आधी येतो आणि ज्याच्याबद्दल बोलायचंय तो ‘दर्जा’ नंतर, क्रियापदाच्या अंगाला. आपल्या कानाला जन्मापासूनची सवय अशी, की क्रियापदाच्या शेजारी बसलेलं नाम धनी आणि ‘चा-ची-चे’वाले त्याच्या मागे उभे. इंग्रजीतलं ‘ऑफ’ हा क्रम उलटा करतं. ‘क्वालिटी’ पुढे निघून जाते आणि क्रियापदाला खेटून ‘मँगोज’ बसतात. कान सवयीने शेजाऱ्याला धनी समजतो. लांबलचक वाक्यात जन्माने इंग्रजी बोलणारेही या शेजाऱ्याला फसतात, तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका. उपाय सोपा आहे. ‘ऑफ’पासूनचा तुकडा बोटाखाली झाकायचा. मी वर्गात खरोखरच बोट ठेवायला लावतो. ‘द क्वालिटी... इज गुड.’

‘अलाँग विथ’, ‘टुगेदर विथ’, ‘अ‍ॅज वेल अ‍ॅज’ यांनाही बोटाखालीच टाका. ‘ड्रायव्हर दोन हेल्परांसह निघाला’ असंच आपण म्हणतो, ‘निघाले’ म्हणत नाही. म्हणून ‘द ड्रायव्हर, अलाँग विथ टू हेल्पर्स, हॅज लेफ्ट’. इथे दोन्ही भाषांचं एकमत आहे, त्यामुळे थांबायचं कारण नाही.

आता तिसरं वाक्य, आणि इथेच बोट दगा देतं. ‘अ नंबर ऑफ बॉक्सेस वॉज डॅमेज्ड.’ बोटाची युक्ती तुम्हाला कुणीतरी आधी शिकवली असावी असा माझा संशय आहे, कारण तुम्ही ‘ऑफ बॉक्सेस’ झाकलंत, ‘अ नंबर’ उरलं आणि इमानदारीत ‘वॉज’ लिहिलंत. पण ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे ‘एक संख्या’ नव्हे. त्याचा अर्थ ‘अनेक’. ते ‘बॉक्सेस’ला लावलेलं परिमाणवाचक शेपूट आहे, फरक इतकाच की ते पुढच्या बाजूला लागलंय. याउलट ‘द नंबर ऑफ’ म्हणजे खरोखरच ‘संख्या’, मोजून आलेला आकडा.

या जागी मी कोष्टक देत नाही. वाक्य मराठीत उलथं करा आणि मराठी क्रियापदाला विचारा. ‘अनेक पेट्या खराब झाल्या.’ झाल्या, म्हणजे ‘वेअर’. ‘पेट्यांची संख्या वाढली आहे.’ वाढली, म्हणजे ‘हॅज’. गोंधळ उडवणारे ते ‘अ’ आणि ‘द’ मराठीत येताच दोन वेगळी वाक्यं होऊन समोर उभी राहतात. ‘अ लॉट ऑफ’, ‘प्लेंटी ऑफ’, ‘मोस्ट ऑफ’, ‘हाफ ऑफ’, ‘टू थर्ड्स ऑफ’, ‘फॉर्टी पर्सेंट ऑफ’ या सगळ्या मंडळींना हीच कसोटी लागू पडते. अर्धा माल विकला गेला: ‘हाफ ऑफ द स्टॉक हॅज बीन सोल्ड’. अर्ध्या पेट्या विकल्या गेल्या: ‘हाफ ऑफ द बॉक्सेस हॅव बीन सोल्ड’. मराठीत तर ‘अर्धा’ हा शब्दसुद्धा मालाप्रमाणे आणि पेट्यांप्रमाणे रूप बदलतो, म्हणजे आपली भाषा याबाबतीत इंग्रजीपेक्षा जास्त काटेकोर आहे. दोन तृतीयांश पाणी आटलं, दोन तृतीयांश विहिरी आटल्या. इंग्रजीतही पहिल्याला एकवचन आणि दुसऱ्याला अनेकवचन.

पण ही कसोटी आंधळेपणाने वापरली तर खड्ड्यात पडाल. मराठीत काही शब्द आपण मोजतो आणि इंग्रजी त्यांना मोजत नाही. सगळ्यात महागात पडणारा शब्द म्हणजे पैसे. ‘पैसे आले आहेत’ म्हणून ‘मनी हॅव कम’ लिहाल तर चूक. ‘मनी’ पाण्यासारखं आहे, त्याला नेहमी एकवचन. केस पांढरे झाले, पण ‘हिज हेअर हॅज टर्न्ड ग्रे’. तांदूळ संपले, पण ‘द राइस इज ओव्हर’. उलट बाजूने बघितलं तर आपली कात्री एक, चष्मा एक, विजार एक, आणि इंग्रजीत ‘सिझर्स’, ‘ग्लासेस’, ‘ट्राउझर्स’ हे तिघंही कायम अनेकवचनी. त्यांना दोन पाती, दोन काचा, दोन पाय असतात म्हणून. पोलीस मात्र दोन्ही भाषांत अनेकवचनीच धाड घालतात.

आणखी एक खड्डा आदरार्थी बहुवचनाचा. ‘साहेब आले आहेत’मधले साहेब एकच असतात, कितीही जड असले तरी. इंग्रजीत आदर ‘सर’मध्ये किंवा ‘मिस्टर’मध्ये दाखवायचा, क्रियापदात नाही.

रकमांचं मात्र नीट समजून घ्या, तुमच्या कामात ते रोज लागेल. ‘पाच लाख रुपये जमा झाले’ हे मराठीत अनेकवचन. इंग्रजीत रक्कम, अंतर, वेळ, वजन हे एक गाठोडं समजलं जातं. ‘फाइव्ह लॅख रुपीज इज अ बिग अमाउंट’, ‘टेन किलोमीटर्स इज टू फार’, ‘थ्री वीक्स इज नॉट इनफ’. मराठी कसोटी वापरायची असेल तर मनात ‘ही रक्कम’, ‘हे अंतर’, ‘हा काळ’ असा शब्द घाला, मग क्रियापद आपोआप एकवचनात येतं. आणि आकडा नेमका असेल तर ‘लॅख’, ‘हंड्रेड’, ‘डझन’ यांना ‘एस’ लावायचा नाही. ‘फाइव्ह डझन मँगोज’. ‘डझन्स ऑफ’ म्हणायचं ते डझनावारी, मोघम सांगायचं असेल तेव्हा.

कुठलं नाम मोजायचं आणि कुठलं नाही, यात तर्क शोधू नका. इंग्रजीत गहू, म्हणजे ‘व्हीट’, एकवचनी आणि ‘ओट्स’ अनेकवचनी. दोन्ही धान्यंच. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? ज्वारी महाग झाली, हरभरे महाग झाले. ज्वारीचे दाणे मोजणार कोण, असं म्हणावं तर तांदूळ मात्र आपण निवडतो तेव्हा ‘निवडले’ म्हणतो. इंग्रजांची स्वतःचीही यात फजिती झालेली आहे. वाटाण्याला त्यांच्याकडे पूर्वी ‘पीज’ असा एकवचनी शब्द होता, ‘व्हीट’सारखाच न मोजायचा. शेवटच्या ‘ज’ ध्वनीमुळे लोकांना तो अनेकवचनी वाटायला लागला आणि त्यांनी त्यातून ‘पी’ हा एकटा वाटाणा सोलून काढला. आज शब्दकोशात ‘पी’ आहे तो या चुकीमुळे. तुमच्या-माझ्या चुका मात्र शब्दकोशात जात नाहीत, साहेबांच्या लाल रंगात जातात.

तुमच्या टेबलावरचे न मोजायचे शब्द एवढे लक्षात ठेवा: इन्फर्मेशन, इक्विपमेंट, फर्निचर, लगेज, अ‍ॅडव्हाइस, स्टेशनरी, न्यूज. यांना ‘एस’ जोडायचा नाही. ‘न्यूज’ला तो आधीच चिकटलेला आहे, तरी क्रियापद ‘इज’च. ‘माहिती मिळाली’ असं आपणही एकवचनातच म्हणतो, ‘माहित्या’ असा शब्दच नाही. तरी ऑफिसांतून ‘इन्फर्मेशन्स’ कुठून उगवतं हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. दोन सल्ले द्यायचे असतील तर ‘टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस’. आणि इंग्रजीत सव्वीस ‘अल्फाबेट्स’ नसतात. सव्वीस ‘लेटर्स’ असतात आणि ती सगळी मिळून एक ‘अल्फाबेट’ होते. हे मी दर बॅचला सांगतो आणि दर बॅच माझ्याकडे मी थट्टा करतोय अशा नजरेने बघते.

क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत असाल तर ‘इंडिया आर बॅटिंग’ कानावर पडेल. ते चूक नाही. संघ म्हणजे अकरा माणसं, अशी ती ब्रिटिश पद्धत आहे. अमेरिकन लोक संघाला एकच समजून ‘इज’ म्हणतात. गिऱ्हाईक कुठलं आहे ते बघा, आणि एका मेलमध्ये दोन्ही पद्धती मिसळू नका.

आता ‘फ्यू’. तुम्ही लिहिलंय, ‘वी हॅव फ्यू बॉक्सेस लेफ्ट, प्लीज ऑर्डर.’ तुम्हाला म्हणायचं होतं, थोड्या पेट्या शिल्लक आहेत, ऑर्डर द्या. वाचणाऱ्याला ऐकू आलं, आमच्याकडे फारशा पेट्याच नाहीत. तो म्हणेल, मग ऑर्डर कशाला मागताय? व्याकरणाने वाक्य शुद्ध आहे, पण अर्थाने तोंड फिरवलंय, आणि असल्या चुका सगळ्यात वाईट, कारण कुणी त्या लाल करत नाही. तुमच्या साहेबांनी केली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

‘थोडे’ या एका शब्दात आपण दोन गोष्टी भरतो आणि त्यांचा निवाडा सुरावर सोडतो. ‘थोडे आंबे आहेत, घेऊन जा’ आणि ‘थोडे आहेत रे, कुणाकुणाला पुरणार?’ इंग्रजी हा सूर ‘अ’मध्ये ठेवतं. ‘अ फ्यू’ म्हणजे आहेत, दोन-चार का होईना, पण आहेत. ‘फ्यू’ म्हणजे नाहीतच म्हणा ना. वाक्याचं मराठी करताना शेवटी ‘आहेत’ येत असेल तर ‘अ’ लावा, ‘फारसे नाहीत’ येत असेल तर काढा. ‘द फ्यू’ म्हणजे ‘जे काही थोडे होते ते सगळे’. ‘ओन्ली अ फ्यू’ म्हणजे आपलं ‘थोडेच’. आणि ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे चक्क ‘बरेच’. शब्द तोच, पण शेजार बदलला की अर्थ एका टोकाहून दुसऱ्या टोकाला.

न मोजायच्या गोष्टींना हाच फरक ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ने. यात मी स्वतः पोळलोय. शिकवायला लागून दोनच वर्षं झाली होती. एका विद्यार्थ्याला नोकरीसाठी शिफारसपत्र हवं होतं. मुलगा कष्टाळू, एका दुकानात थोडं काम केलेला. मी ऐटीत लिहिलं, ‘ही हॅज लिटल एक्स्पिरियन्स बट ही इज ऑनेस्ट.’ मला म्हणायचं होतं, त्याला थोडा अनुभव आहे आणि शिवाय तो प्रामाणिक आहे. पत्र वाचणाऱ्याने अर्थ लावला, याला अनुभव जवळजवळ नाही, पण प्रामाणिक आहे बिचारा. मुलाखतीत त्याला तेच वाक्य वाचून दाखवण्यात आलं. नोकरी गेली. त्याने परत येऊन मला ‘सर, तुम्ही असं का लिहिलंत?’ एवढंच विचारलं. एका अक्षराचा ‘अ’ मी तेव्हापासून कधी विसरलो नाही.

‘मच’ आणि ‘मेनी’चा घोळ ‘किती’ आणि ‘खूप’मुळे होतो. किती दूध, किती आंबे, दोन्हींकडे एकच ‘किती’. इंग्रजी विचारतं, मोजता येतं का? येत असेल तर ‘हाउ मेनी’, नाहीतर ‘हाउ मच’. त्याच कारणाने ‘कमी’चे दोन शब्द, ‘फ्यूअर’ आणि ‘लेस’. परीक्षेत फ्यूअर बॉक्सेस, लेस वेट असंच लिहा. पण या नियमाचा बाऊ करणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. 1770 मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थांनी मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘फ्यूअर’ जास्त बरं दिसतं, असं आपलं मत नोंदवलं. पुढच्यांनी त्या मताचा नियम केला. त्याआधी कित्येक शतकं इंग्रज मंडळी अनेकवचनाला सुखाने ‘लेस’ लावत होती. ब्रिटनमध्ये टेस्को या दुकानांच्या साखळीत कमी सामानवाल्यांच्या रांगेवर ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशा पाट्या असत. शुद्धभाषावाद्यांनी त्यावर इतकी कटकट केली की 2008 मध्ये ‘लेस’ही नको आणि ‘फ्यूअर’ही नको, म्हणून पाटीच बदलली: ‘अप टु टेन आयटम्स’. अडलेल्या जागी वाक्य फिरवून घेणं ही पळवाट तुम्हीही खुशाल वापरा. मी वापरतो.

‘ईच’ आणि ‘एव्हरी’ला एकवचन. मनात ‘सगळे’ न म्हणता ‘प्रत्येक जण’ म्हणा म्हणजे बरोबर येईल. ‘एव्हरीबडी’चंही तेच. ‘मेनी अ मॅन’ हा स्पर्धापरीक्षांचा लाडका प्रयोग, अर्थ अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. पेपर काढणाऱ्यांखेरीज आज तो क्वचितच कुणी वापरतं, तेव्हा मेलमध्ये नको. ‘आयदर-ऑर’, ‘नायदर-नॉर’मध्ये मात्र जवळच्या नामाचं ऐकायचं, आणि ती आपल्याला सवयीची गोष्ट आहे. ‘एक मुलगा आणि दोन मुली आल्या’ म्हणताना आपणही शेजारच्या मुलींचंच ऐकतो.

आता क्रियापदांची रूपं. ‘वी डिड नॉट रिसीव्ड द पेमेंट.’ मराठीत ‘पेमेंट मिळालं नाही’. या वाक्यात ‘मिळालं’ भूतकाळातच राहिलंय आणि ‘नाही’ नुसतं शेजारी येऊन बसलंय. ‘तो गेला’, ‘तो गेला नाही’, ‘तो गेला का?’ या तिन्हींत ‘गेला’ जागचा हलत नाही. म्हणून आपण ‘वेंट’, ‘डिड नॉट वेंट’, ‘डिड ही वेंट’ असं सरळ चालत जातो. इंग्रजीत काळाचं ओझं एकानेच उचलायचं असतं. ‘डिड’ने ते डोक्यावर घेतलं की पुढचं क्रियापद रिकाम्या हाताने चालतं: ‘डिड नॉट रिसीव्ह’, ‘डिड ही गो’. वर्तमानकाळात ‘डज’ने ‘एस’ उचलला की ‘डज ही वर्क्स’ होत नाही, ‘डज ही वर्क’ होतं. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’ यांच्यामागेही क्रियापद रिकाम्या हातानेच येतं. आणि ‘कॅन एबल टु’ म्हणजे एकाच पिशवीला दोन हमाल.

‘आय हॅड गॉन टु न्हावा शेवा यस्टरडे.’ हे वाक्य मला फार आवडतं, कारण त्यात मराठीची एक नाजूक छटा इंग्रजीत नेण्याचा प्रयत्न आहे. ‘साहेब आले आहेत’ म्हटलं की साहेब अजून आत बसलेत. ‘साहेब आले होते’ म्हटलं की येऊन गेले. ‘मी काल न्हावा शेवाला गेलो होतो’ म्हणजे जाऊन परत आलो, हे आपण त्या एका ‘होतो’ने सांगतो. इंग्रजीत ‘हॅड’ला ही छटा सांगता येत नाही. ‘हॅड गॉन’ म्हटलं की इंग्रज माणूस भूतकाळातल्या दुसऱ्या घटनेची वाट बघत थांबतो. गेला होतास, बरं, मग? काय झालं? दोन घटना असतील तर आधीचीला ‘हॅड’: ‘द ट्रक हॅड लेफ्ट व्हेन आय रीच्ड न्हावा शेवा’, मी पोचलो तेव्हा ट्रक सुटला होता. एकटीच घटना असेल तर साधं ‘आय वेंट’. परत आलात हे ‘वेंट’वरून आणि तुम्ही मेल लिहिताय यावरून कळतं.

याचंच भावंड म्हणजे ‘आय हॅव सेंट द डॉक्युमेंट्स यस्टरडे.’ ‘कालच पाठवली आहेत’ हे मराठीत चोख. इंग्रजीत ‘हॅव’ची नजर आजवर असते, त्यामुळे ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन 2019’ असा गेलेला काळ नाव घेऊन सांगितला की ‘हॅव’ला उठवावं लागतं. ‘आय सेंट देम यस्टरडे’ किंवा नुसतं ‘आय हॅव सेंट देम’. काल किंवा आहेत, दोन्हींपैकी एक निवडा.

‘वी आर एक्स्पोर्टिंग मँगोज सिन्स टेन इयर्स.’ या एका वाक्यात दोन गाठी आहेत. ‘पासून’ हा आपला शब्द दोन कामं करतो: ‘2014पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’. पहिल्यात सुरुवातीचा खुंटा आहे, दुसऱ्यात दोरीची लांबी. खुंट्याला ‘सिन्स’, लांबीला ‘फॉर’. दुसरी गाठ ‘करतोय’ची. दहा वर्षं चालू असलेलं काम मराठीत वर्तमानकाळात बसतं, इंग्रजीत त्याला मागचा धागा दाखवावा लागतो: ‘वी हॅव बीन एक्स्पोर्टिंग मँगोज फॉर टेन इयर्स’. कंपनीच्या परिचयपत्रकात हे वाक्य पहिल्याच ओळीत येत असेल, ते आधी बघून घ्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्याच मेलांत दिसलं म्हणून दोन गोष्टी. ‘माल पोचेल तेव्हा कळवा’ याचं तुम्ही ‘व्हेन द गुड्ज विल रीच’ केलंत. इंग्रजीत ‘तेव्हा’, ‘जर’, ‘तोपर्यंत’च्या भागात ‘विल’ नको: ‘व्हेन द गुड्ज रीच यू, प्लीज इन्फॉर्म अस’. दुसरं, ‘आधी कळवलं असतं तर आम्ही पाठवलं असतं’ हे मराठीत कसं छान समतोल आहे, दोन्हीकडे ‘असतं’. म्हणून दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लिहिलं जातं. इंग्रजी तराजू असा समतोल नाही. जरच्या बाजूला ‘हॅड’, तरच्या बाजूला ‘वुड हॅव’: ‘इफ यू हॅड इन्फॉर्म्ड अस, वी वुड हॅव सेंट इट’.

उरलं शेवटचं वाक्य. ‘नन ऑफ द बॉक्सेस वेअर ओपन्ड.’ साहेबांनी ‘वेअर’ लाल करून ‘वॉज’ लिहिलंय. इथे तुमचं बरोबर आहे. ‘नन’ म्हणजे ‘नॉट वन’, म्हणून एकवचनच हवं, असं अनेक जुन्या शिक्षकांनी शिकवलं आणि साहेब बहुधा त्यांचेच विद्यार्थी. शब्दाची व्युत्पत्ती त्यांनी सांगितली तशीच आहे, पण जुन्या इंग्रजीपासून तो दोन्ही वचनांत वापरला जातोय. ‘एकही पेटी उघडली नव्हती’ म्हणा किंवा ‘कुठल्याच पेट्या उघडल्या नव्हत्या’ म्हणा, तसंच आहे ते. फक्त न मोजायच्या नामाला एकवचन लागतं: ‘नन ऑफ द मनी हॅज कम’. साहेबांशी यावर वाद घालायचा की नाही ते तुम्ही ठरवा. ‘वॉज’ही चूक नाही, त्यामुळे त्या मेलपुरतं मी ते राहू दिलं असतं, आणि आधी जाऊन ‘हॅव थ्री गोडाउन्स’ दुरुस्त केलं असतं.